अंडी द्यायची थांबलेली कोंबडी



आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांकडे घरामागे चार-सहा कोंबड्या असतात. हिंगणघाट, देवळी, सेलू, आर्वीकडच्या खेड्यांमध्ये सांदवाडीत खुराडे असणे ही काही मुद्दाम सांगण्यासारखी बाब नव्हे. पण शहरातल्या वसाहतींमध्येही, जिथे एखादे पेरूचे झाड आणि थोडी मोकळी माती आहे, तिथे हौसेने कोंबड्या पाळलेल्या आम्ही पाहतो. उरलेला भात, ज्वारीच्या कण्या, भाजीची पाने त्यांच्यापुढे पडतात. त्या बदल्यात अंडी मिळतात, बागेतली वाळवी आणि किडे वेचले जातात, झाडांना खत मिळते आणि मुलांना सवंगडी मिळतात. मुले त्यांना नावे देतात. एकदा नाव मिळाले की ती कोंबडी घरातली होते.

गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारण ५० ते ६० अंडी देते. पहिली दोन वर्षे बरी जातात, मग अंडी कमी होत जातात. नीट सांभाळ केला तर कोंबडी सहा-सात वर्षेही जगते. म्हणजे अंडी थांबल्यावरही तिचे बरेच आयुष्य शिल्लक असते. त्या दिवशी घरात प्रश्न निघतो : आता हिचे काय करायचे?

प्रश्न लहान वाटेल. एवढ्याशा पाखरासाठी रविवारच्या पत्रकाची जागा कशाला अडवायची, असेही कोणी म्हणेल. पण या प्रश्नाचे उत्तर आपण मुलांच्या देखत देत असतो. जो आपल्याला काही देऊ शकत नाही त्याच्याशी कसे वागायचे, याचा पहिला धडा कित्येक मुलांना याच खुराड्याजवळ मिळतो. म्हणून त्याचा थोडा विचार करू या.

कोंबडी कापून खाणे हे पाप आहे काय? आपली ख्रिस्तसभा तसे मानत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत परिच्छेद २४१५ ते २४१८ प्राण्यांविषयी आहेत. अन्न आणि वस्त्र यांसाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे, असे तिथे सांगितले आहे. पण त्याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा विनाकारण मारणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, ही पहिली. माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणे हेही तितकेच अशोभनीय आहे, ही दुसरी. या दोन कुंपणांच्या मधली वाट आपल्याला शोधायची आहे.

पवित्र शास्त्रात पाळीव जनावरावरील मायेची एक कथा आहे, आणि ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे येतो (२ शमुवेल १२) आणि एका गरीब माणसाविषयी सांगतो. त्याच्याकडे एकच लहान मेंढी होती. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या कुशीत झोपे. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी नेमकी तीच मेंढी उचलून नेली. हे ऐकून दावीद संतापतो. कथेचा रोख दावीदाच्या पापावर आहे, हे खरे. पण ही कथा राजाच्या काळजाला भिडली, कारण गरिबाची त्या मेंढीवरची माया ऐकणाऱ्याला वेडेपणाची वाटली नाही. ‘मेंढीच ती, दुसरी घेईल’ असे दावीद म्हणाला नाही. मुलीने नाव दिलेल्या कोंबडीसाठी तिच्या डोळ्यांत पाणी आले, तर हसण्यावारी नेऊ नये, एवढे तरी आपण यातून शिकावे.

अनुवाद या पुस्तकात (२२:६-७) एक बारीकसा नियम आहे. वाटेत पाखराचे घरटे दिसले आणि आई पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिल्ले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. या नियमाला एक वचन जोडलेले आहे : असे केल्याने तुझे कल्याण होईल आणि तू दीर्घायुषी होशील. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही हेच वचन जोडलेले आहे. आईबाप आणि पाखरू यांची बरोबरी कोणी करू नये. आम्हीही करत नाही. पण संत थॉमस अक्वायनस यांनी असे नियम विचारात घेऊन म्हटले आहे, की मुक्या जिवांवर दया करायची सवय लागली की माणसांवर दया करणे सोपे जाते. उलटेही खरे आहे. जिच्याकडून चार वर्षे अंडी घेतली तिला ‘आता हिचा काय उपयोग’ म्हणून ज्या घरातून बाहेर काढले जाते, त्या घरातले मूल ते वाक्य लक्षात ठेवते. पुढे ते वाक्य कोणाविषयी वापरले जाईल हे सांगता येत नाही.

हा विचार करायला आपल्या वर्ध्याइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. डॉ. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेले हिशेबतज्ज्ञ. लंडन आणि अमेरिकेत शिकलेले. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याच्या कामासाठी ते आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले. पुढे तुरुंगात असताना त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले. सृष्टीत जीव आपले पोट कसे भरतात याच्या त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालची पायरी दुसऱ्याचा जीव घेऊन जगण्याची. तिच्या वरची, काहीही न देता नुसते घेण्याची. मग स्वतः कष्ट करून घेण्याची, मग मधमाश्यांसारखी सर्वांनी मिळून सर्वांसाठी राबण्याची. आणि सर्वांत वरची पायरी सेवेची, जिथे परतफेडीची अपेक्षाच नसते. या शेवटच्या पायरीसाठी त्यांना दाखला सुचला तो पिल्लांसाठी दिवसभर राबणाऱ्या आणि त्यांच्या रक्षणासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या पक्षिणीचा.

तो दाखला आपल्या खुराड्यात रोज दिसतो. खुडूक झालेली कोंबडी रवणात बसली की २१ दिवस अंड्यांवरून जवळजवळ उठत नाही. दाण्यापाण्यासाठी थोडा वेळ बाहेर येते आणि पुन्हा जाऊन बसते. अंगाने रोडावते. पिल्ले निघाल्यावर घार फिरताना दिसली की पंख पसरून सगळ्यांना पोटाशी घेते आणि मांजर अंगावर आले तर त्याच्यावर धावून जाते. येरुशलेमसाठी कळवळताना प्रभू येशूने स्वतःला हीच उपमा दिली (मत्तय २३:३७). सिंह आणि गरुड सोडून त्याने कोंबडी निवडली, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगणात ती होती.

आपण मात्र कोंबडीच्या बाबतीत कुमारप्पांच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत? अंडी घेतो तेव्हा बदल्यात काय देतो? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी ठेवून धापा टाकते. तेव्हा सावली आणि दिवसातून दोन-तीनदा गार पाणी हे तिचे देणे आहे. मानमोडीची लस वेळेवर देणे, रात्री मांजर-मुंगसापासून राखणे, खुराडे कोरडे ठेवणे हेही देणेच आहे. शेजाऱ्याचेही देणे आहे. आपल्या गावी मांसाहार न करणारी घरे पुष्कळ आहेत. कोंबडीची पिसे आणि घाण त्यांच्या दारात जाऊ न देणे हा शेजारधर्म झाला. गांधीजींनी सेवाग्राममध्ये शाकाहार पाळला. तरी ‘आरोग्याची किल्ली’ या १९४२ सालच्या लेखनात त्यांनी असे मत मांडले, की कोंबड्याशिवाय मिळालेल्या अंड्यात जीव नसतो, तेव्हा दूध घेणाऱ्याने त्या अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही. मतभेद असतानाही दुसऱ्याची बाजू समजून घ्यायची ही रीत शेजाऱ्यांशी बोलताना आपल्याला उपयोगी पडेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. म्हाताऱ्या कोंबडीचे बहुतेक घरांत काय होते? तिला घरी कापत नाहीत, कारण मुले रडतील. तिला ठेवतही नाहीत, कारण दाणा लागतो. आठवडी बाजाराच्या दिवशी तिला व्यापाऱ्याला विकतात आणि मुलांना सांगतात, ती मामाच्या शेतावर गेली. व्यापारी पाय बांधून दहा-पंधरा कोंबड्या सायकलच्या हॅन्डलला उलट्या लटकवतो आणि उन्हातून दूरवर नेतो. यातना होतील अशा रीतीने जनावरांची वाहतूक करणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण ते दृश्य इतके रोजचे झाले आहे की आपल्या डोळ्यांना टोचत नाही.

आम्हाला असे वाटते की सगळ्या मार्गांत हाच मार्ग वाईट. यात कोंबडीचे हाल सर्वांत जास्त होतात, मुलांशी खोटे बोलले जाते आणि आपण मात्र आपले हात स्वच्छ आहेत असे समजतो. पिलातानेही पाणी मागवून हात धुतले होते.

त्यापेक्षा घरी, धारदार सुरीने, क्षणात, इतर कोंबड्यांच्या आड कापलेली आणि वाया न घालवता खाल्लेली कोंबडी बरी. आपल्या खेड्यांतील एखादी गरीब मावशी पाहुण्यासाठी आपली एकुलती कोंबडी कापते. तेव्हा ती आपल्या रोजच्या अंड्यावर, म्हणजे मिठामिरचीच्या पैशांवर पाणी सोडत असते. तिच्या ताटावर बसून प्राणिदयेचे प्रवचन करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग नाव दिलेल्या कोंबडीचे काय? आमच्या घरी सात कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यांतली काळी आता सहा वर्षांची आहे. पिल्ले आणली तेव्हाच आम्ही मुलांसमोर ठरवले होते, की ज्यांना नाव देऊ त्यांना शेवटपर्यंत सांभाळू आणि ज्यांना खाण्यासाठी वाढवू त्यांना नाव देणार नाही. मुलांनी तीन नावे दिली. काळी अजूनही दुसरीची पिल्ले पंखाखाली घेते, हा तिचा उपयोगच म्हणायचा, पण तिला त्यासाठी ठेवलेले नाही. शब्द दिला होता म्हणून ठेवली आहे. तिला दिवसाला मूठ-दोन मूठ दाणा लागतो. तेवढ्याने कोणा गरिबाचा घास हिरावला जात नाही. उद्या तिच्या औषधपाण्यासाठी हजारो रुपये लागणार असतील, तर तो पैसा आजारी शेजाऱ्यासाठी ठेवून तिला शांतपणे जाऊ द्यावे, असेही आम्ही मुलांना सांगितले आहे. शब्द पाळायचा असतो आणि त्याची मर्यादाही आधीच सांगायची असते.

ही मर्यादा कधी फार कठोर होते. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. त्यानंतर ही साथ राज्यात पुन्हापुन्हा आली आहे. अशा वेळी आपली लाडकी कोंबडी पलंगाखाली लपवणे ही माया ठरत नाही. त्यामुळे शेजारच्या घरातले माणूस धोक्यात येते. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे आणि मेलेली कोंबडी उघड्यावर न टाकणे हे आपले कर्तव्य आहे.

शेवटी दुकानातल्या अंड्याविषयी. मोठ्या पोल्ट्र्यांतील संकरित कोंबडी वर्षाला सुमारे ३०० अंडी देते आणि पुष्कळ ठिकाणी तिचे सारे आयुष्य जेमतेम एका कागदाएवढ्या जागेत, तारेच्या पिंजऱ्यात जाते. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही. सुमारे दीड वर्षात तिचा हिशेब संपतो. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २६९व्या अहवालात या कोंबड्यांच्या स्थितीची दखल घेतली. ते अंडे स्वस्त असते आणि गरिबाच्या मुलाला तेच परवडते, म्हणून ते खाणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण ज्याच्या अंगणात चार कोंबड्या धुळीत अंघोळ करतात, त्याला पिंजऱ्यातल्या कोंबडीचे काय हिरावले गेले आहे हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रात सृष्टीतील प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल आहे, असे शिकवले. ते मोल ओळखण्याची दृष्टी आपल्या परसात तयार होऊ शकते.

तेव्हा पावसाळ्याआधी पिल्ले आणायचा विचार असेल, तर आधी घरात सर्वांनी बसून बोला. आपल्याला किती सांभाळता येतील, कोणत्या खाण्यासाठी आणि कोणत्या सोबतीसाठी, उन्हाळ्यात पाणी कोण ठेवील, आणि अंडी थांबल्यावर काय करायचे, हे मुलांसमोर ठरवा. जे ठरेल ते पाळा. आणि ज्या दिवशी कोंबडी मरेल किंवा मारावी लागेल, त्या दिवशी मुलांना खरे सांगा.