बेणं कोणाच्या हातात?

बोदलकशाच्या तलावाची पाळ 1917 सालची. पलीकडे धानाच्या बांध्या. त्या पाळीवर बसलो असताना सोबतच्या चाचांनी विचारलं, "बटाट्यात दुसऱ्या झाडाचा गुण घालतात म्हणे. खुदाच्या निर्मितीत ही ढवळाढवळ नाही का?"

गोंदिया जिल्हा धानाचा; बटाटा आमच्याकडे बाजारातून येतो. पण सवाल बियाण्याचा होता, म्हणून मनाला लागला.

1845 साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. गरीब माणूस जवळपास एकाच वाणावर जगत होता. पुढच्या काही वर्षांत भूक आणि रोगराईने सुमारे 10 लाख माणसं गेली. त्याच करप्यासाठी आजही शेतकरी पुन्हापुन्हा औषध फवारतो. मेक्सिकोतल्या एका रानबटाट्यात या रोगाला अडवणारं जनुक सापडलं. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ते 'कुफरी ज्योती' या वाणात आणण्याचं काम केलं. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी राजगिऱ्याच्या जनुकाने प्रथिनं वाढवलेला बटाटा 2010 साली मांडला. दोन्ही अजून आपल्या शेतकऱ्याच्या वावरात आलेले नाहीत.

रानबटाट्याचा गुण बटाट्यात आणणं मला पाप वाटत नाही. रोज विष फवारणं तरी कुठे निर्मळ आहे? मला भीती वेगळी वाटते. 2002 साली बीटी कापूस आला तो संकरित वाणांतून, त्यामुळे शेतकऱ्याला दर हंगामात दुकानाची पायरी चढावी लागते. बटाट्याचं तसं नाही. डोळा असलेली फोड लावली की तोच बटाटा येतो. काही हंगामांनी रोग साचतात, शुद्ध बेणं आणावं लागतं, हे खरं. तरीही घरचं बेणं ठेवण्याचा हक्क कायद्याने वा कराराने काढून घेतला, तर करपा टळेल आणि शेतकरी मात्र अडकेल. शिवाय सगळीकडे एकच वाण, एकच जनुक लावलं, तर बुरशी त्यावरही मात करू शकते. मग आयर्लंडपासून आपण काय शिकलो? म्हणून चाचण्या उघड हव्यात, वाण अनेक हवेत आणि बेणं शेतकऱ्याकडे हवं.

मी म्हटलं, "चाचा, वाहतं पाणी अडवून हा तलाव बांधला, तीही ढवळाढवळच होती."

चाचा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होती. पण पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं की नाही, ते आम्ही दरसाल बघतो. तुमच्या बटाट्याचं कोण बघणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शास्त्रज्ञांच्या नियतीवर मला शंका नाही. पण नियत चांगली असली म्हणजे न्याय आपोआप होतो, असं नाही.