किंमत पाहणाऱ्याने मोजावी

रानातल्या आई-पिल्लाविषयी काही जाणून घ्यायचे तर त्याची किंमत मोजावी लागते. ती कधी पिल्लू मोजते, कधी त्याची आई, कधी पाहणारा; पण कोणीतरी मोजल्याशिवाय नोंदवहीत एक ओळही उतरत नाही. गेल्या दीडशे वर्षांत वन्यजीवांचा अभ्यास खूप सुधारला असे आपण म्हणतो आणि दाखला म्हणून दुर्बिणी, कॅमेरे, रेडिओ कॉलर, उपग्रह यांची नावे घेतो. साधने सुधारली हे खरेच. मला मात्र त्या सुधारणेचे माप दुसरीकडे दिसते. जाणून घेण्याची किंमत प्राण्याच्या अंगावरून उतरून पाहणाऱ्याच्या अंगावर किती आली, यात ते आहे. हे म्हणणे मेळघाटात उभे राहून नीट उलगडता येते आणि अंटार्क्टिकाच्या बर्फावर नेऊन तपासताही येते.

परतवाड्याहून धारणीकडे जाताना सिपना नदीकाठी सेमाडोह लागते. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता, त्यामुळे इथे येणाऱ्या बहुतेकांची नजर वाघाला शोधत असते. पण आपला विषय समजून घ्यायला या जंगलातला एक वीतभर पक्षी अधिक उपयोगी पडतो. त्याचे नाव रानपिंगळा. घुबडाच्या कुळातला असूनही तो दिवसा वावरतो, सागाच्या विरळ रानात उघड्या फांदीवर बसून शिकार हेरतो आणि भक्ष्य दिसले की शेपटी झपाझप डावी-उजवीकडे हलवतो.

ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७२ साली या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला. पुढच्या वर्षी पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि पक्ष्याला ब्लुइटचे नाव दिले. १८८४ पर्यंत असे एकूण सात पक्षी गोळा झाले. त्या काळी गोळा करणे म्हणजे गोळी घालणे. सातही पक्षी संग्रहालयांच्या कपाटांत गेले आणि त्यांच्यावरून पंखांची लांबी कळली, शेपटीवरचे पट्टे कळले, छातीचा रंग कळला. हा पक्षी अंडी किती घालतो, पिल्लांना काय भरवतो, पिल्लू ढोलीबाहेर केव्हा येते, यातले काहीच कळले नाही. पक्ष्याने जिवाची किंमत मोजली आणि तिच्या बदल्यात माणसाच्या हाती फार थोडे आले. त्यानंतर ११३ वर्षे रानपिंगळा कोणाला दिसला नाही. तो नामशेष झाला असावा, असेच धरून चालले होते.

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, तो पुन्हा दिसला. या वेळी बंदूक नव्हती. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले, छायाचित्रे घेतली आणि पक्षी होता तिथेच राहू दिला. मग मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुड्यात त्याचा शोध घेतला, पुढे गिरीश जठार यांनीही त्याच्यावर काम केले. मेळघाटातही तो निघाला. सात मेलेल्या पक्ष्यांकडून शतकभर जे कळले नाही ते जिवंत पक्ष्यांकडून थोड्याच वर्षांत कळू लागले.

काय कळले? रानपिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. अंडी बहुधा दोन असतात. शिकार नर आणतो आणि मादीच्या हवाली करतो. पिल्लांना भरवते ती मादी. एका अभ्यासात त्याच्या भक्ष्यापैकी सुमारे ६० टक्के सरपटणारे जीव निघाले, त्यांत सापसुरळ्या जास्त. उंदीर सुमारे १५ टक्के. पिल्ले तीस-बत्तीस दिवसांची झाली की ढोलीबाहेर पडतात.

वाचायला ही माहिती अर्ध्या मिनिटाची आहे. ती मिळवायला काय लागते ते जवळून पाहावे. माघ-फाल्गुनात सागाची पाने गळून जमिनीवर थर साचतो. ही पाने सुपाएवढी आणि वाळून कडक झालेली, त्यामुळे एक पाऊल टाकले तरी आवाज दूरवर जातो. म्हणून उजाडायच्या आत झाडापासून लांबवर जाऊन बसायचे आणि सूर्य डोक्यावर आला तरी जागा सोडायची नाही. ढोलीत हात घालायचा नाही, पिल्लू बाहेर काढायचे नाही. नर केव्हा आला, चोचीत काय होते, मादी किती वेळ बाहेर राहिली, हे घड्याळ पाहून लिहीत राहायचे. घुबडे न पचलेली हाडे आणि केस यांच्या गोळ्या ओकून टाकतात. पक्षी उडून गेल्यावर त्याच्या बैठकीखालून त्या गोळ्या वेचायच्या, पाण्यात भिजवून सुईने उकलायच्या आणि भिंगाखाली उंदराचा जबडा कोणता, सरड्याचे हाड कोणते हे ओळखत बसायचे. पक्ष्याचे यात काहीही गेलेले नसते. जातो तो पाहणाऱ्याचा वेळ, त्याची पाठ आणि त्याचे डोळे. बंदुकीच्या एका बाराने जे काम मिनिटात उरकायचे त्याला आता हंगामच्या हंगाम लागतात, आणि कळते मात्र त्याच्या कितीतरी पट.

तरी हे दूर बसणे केवळ दयेपोटी आहे असे कोणी समजू नये. त्याशिवाय कळलेले खरे ठरत नाही. रानपिंगळ्याच्या अभ्यासातलाच एक दाखला घ्या. बाप आपलीच पिल्ले खातो, अशी नोंद इश्तियाक आणि रहमानी यांनी २००० साली प्रसिद्ध केली. ऐकून मन चरकते, पण शास्त्राच्या दृष्टीने ती मोलाची नोंद आहे. अन्नाची टंचाई, पिल्लांचे जगणे-मरणे यांविषयी ती पुष्कळ काही सुचवते. आता असे दृश्य एखाद्या निरीक्षकापुढे घडले तर त्याने स्वतःला पहिला प्रश्न कोणता विचारावा? हे माझ्यामुळे तर झाले नाही ना? मी जवळ बसल्याने नर बिथरला असेल, मादी ढोलीत परतायला कचरली असेल, तर मी पक्ष्याचा स्वभाव लिहीत नाही, माझ्याच उपद्रवाचा परिणाम लिहितो आहे. निरीक्षक पुरेसा दूर होता, पक्षी त्याच्या असण्याने विचलित नव्हता, एवढी खात्री असेल तेव्हाच अशा नोंदीला वजन येते. म्हणून पक्ष्याला त्रास न देणे ही अभ्यासाची पहिली शिस्त आहे. ती पाळली नाही तर पक्षीही जातो आणि सत्यही जाते.

हाच विचार आता मेळघाटातून उचलून पृथ्वीच्या दक्षिण टोकाला नेऊ. अंटार्क्टिकात मॅकमर्डो केंद्राजवळच्या एरेबस उपसागरात १९६८ पासून वेडेल सीलचा अभ्यास अखंड चालू आहे. डोनाल्ड सिनिफ यांच्या पिढीने सुरू केलेले हे काम पुढे रॉबर्ट गॅरट आणि जे रोटेला यांनी चालवले. ऑक्टोबरच्या सुमारास माद्या किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या बर्फावर येऊन वितात. जन्मतः पिल्लू तीसेक किलोचे असते. आईचे दूध इतके स्निग्ध की पाच-सहा आठवड्यांत ते शंभर किलोच्या आसपास जाते. आईच्या अंगावरची चरबी जणू पिल्लाच्या अंगावर चढते. दर वर्षी नव्या पिल्लांच्या मागच्या वल्ह्यांना क्रमांकाचे बिल्ले लावतात. त्यामुळे अमकी मादी कोणाची लेक, तिला कोणत्या वयात पहिले पिल्लू झाले, त्यातले जगले किती, हे पिढ्यान् पिढ्या कळत गेले आहे.

तिथे एक मोठा फरक आहे. मेळघाटात पाचोळा वाजला की सगळे पळते. अंटार्क्टिकाच्या बर्फावर अस्वल नाही, लांडगा नाही, म्हणून तिथला सील माणूस जवळ आला तरी बहुधा जागेवरच राहतो. पाहणाऱ्याला वाटते, याला आपले काही नाही. इथेच फसगत होते. पेंग्विनांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा दिसले की वरून निश्चल बसलेल्या पक्ष्याचेही ठोके माणूस जवळ येताच वाढू शकतात. प्राणी पळाला नाही म्हणून त्याला काही मोजावे लागले नाही, असे होत नाही. न पळणाऱ्याची किंमत नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, ती शोधून काढावी लागते.

ती शोधली गेली याचे एक उदाहरण प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे आहे. पेंग्विन ओळखता यावेत म्हणून त्यांच्या पंखाला धातूची पट्टी बांधण्याची पद्धत कित्येक वर्षे चालू होती. फ्रेंच शास्त्रज्ञांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवर किंग पेंग्विनांचे दोन गट दहा वर्षे पाहिले, एक पट्टीवाला आणि एक बिनपट्टीचा. २०११ साली निष्कर्ष आला: पट्टीवाल्यांचे जगण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी आणि त्यांना झालेली पिल्ले ३९ टक्क्यांनी कमी. पट्टी पोहताना पाण्याला अडत होती. म्हणजे तोवर पट्टीवाल्या पेंग्विनांवरून काढलेल्या अनुमानांत पट्टीचाच दोष मिसळलेला होता. किंमत पक्षी मोजत होते आणि चूक शास्त्राच्या वहीत जमा होत होती.

वेडेल सीलच्या अभ्यासकांनीही ही दिशा धरली. सीलची आई कित्येक मणांची. तिला काट्यावर घ्यायचे म्हणजे तिलाही ताप आणि शेजारच्या पिल्लालाही. त्यांनी आईची छायाचित्रे वेगवेगळ्या बाजूंनी घेऊन तिच्या वजनाचा अंदाज बांधण्याची रीत बसवली. अंदाज काट्याइतका चोख नसतो, गणित वाढते, मेहनत वाढते. ती मेहनत माणसाची.

आता कोणी म्हणेल, एवढीच काळजी असेल तर जाताच कशाला? प्राण्यांना त्यांच्या रानात सुखाने राहू द्या. हे म्हणणे कळवळ्याचे आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. रानपिंगळ्याकडे माणसाने शंभर वर्षे पाहिले नाही, पण त्या शंभर वर्षांत त्याचे जंगल तोडायचे थांबले नाही. ढोलीचे जुने झाड लाकूडवाल्याच्या लेखी कुचकामी. ते रानपिंगळ्याचे बाळंतघर आहे हे कोणी बसून पाहिले तेव्हाच कळले. न पाहण्याचीही किंमत असते आणि तीही प्राणीच मोजतो. अपुऱ्या पाहण्याचे तसेच. वाघाच्या पावलांचे ठसे घेऊन मोजणी करण्याची जुनी पद्धत वाघाला मुळीच त्रास देणारी नव्हती, पण ती भरवशाची नव्हती. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००५ साली कळले की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर देशभर कॅमेरा ट्रॅप आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे बछड्यांना घेऊन रात्री पाणवठ्यावर आलेली वाघीण कोण, हे तिला हातही न लावता ओळखता येते. मेळघाटात हे कॅमेरे आपोआप झाडांवर चढत नाहीत. भर उन्हात डोंगर चढून ते बांधणारे, कार्डे आणि सेल बदलणारे वनरक्षक आणि मजूर आहेत.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीचा जो रिवाज आहे तो इथे लागू पडतो. त्या खोलीत कोणीच जायचे नाही असे नसते. सुईण जाते, शेक-शेगडी करणारी जाते. पण जाणारीने हातपाय धुवून जावे, कामापुरते थांबावे, मोठ्याने बोलू नये आणि काम झाले की बाहेर यावे. बघ्यांनी उंबऱ्याबाहेरून चौकशी करावी. आई-पिल्लाच्या अभ्यासाची सगळी नीती एवढ्यात आली. १९९१ साली माद्रिदला अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाचा जो करार झाला त्यात परवान्याशिवाय तिथल्या प्राण्यांना हात लावायला किंवा बाधक उपद्रव द्यायला मनाई आहे. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही रानपिंगळ्याला पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण देतो.

एक प्रश्न तरीही उरतो, आणि सेमाडोहात उभे राहून तो टाळता येत नाही. किंमत माणसाने मोजावी म्हटले, पण कोणत्या माणसाने? घरट्याचे झाड अभ्यासकाला बहुधा स्वतःहून सापडत नाही. ते दाखवतो वाटाड्या, पुष्कळदा कोरकू, ज्याला कोणत्या नाल्यात कोणता पक्षी बोलतो हे लहानपणापासून ठाऊक असते. कुठे थांबायचे हेही तोच सांगतो: “बस, आता इथंच. थो आपल्याकडंच पाहून राह्यला, म्हंजे आपुन जास्ती जवळ आलो.” अंतराचे हे ज्ञान कोणत्याही पुस्तकाइतकेच शास्त्रीय आहे. त्याचे उन्हातले दिवस रोजंदारीत मोजले जातात आणि शोधनिबंधात त्याचे नाव आले तर शेवटी आभारात येते. याच कोरकूंची कितीतरी गावे वाघासाठी जंगलाबाहेर गेली. प्राण्यावरून उतरवलेला भार सर्वांत दुबळ्या माणसाच्या डोक्यावर ठेवला, तर किंमत मोजली गेली असे म्हणता येणार नाही, ती फक्त दुसऱ्यावर ढकलली गेली. ज्याला ज्ञानाचे श्रेय मिळते त्याने भारही उचलावा आणि जो भार उचलतो त्याला श्रेय मिळावे, तरच हिशोब सरळ होतो.

आणि हा हिशोब शास्त्रज्ञांपुरता नाही. रानपिंगळ्याचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे, आणि मेळघाटात पर्यटकांची वर्दळही याच महिन्यांत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ढोलीच्या तोंडाशी बसलेल्या पिल्लाचे छायाचित्र घेण्यासाठी आपण दहा पावले पुढे सरकतो, नर शिकार घेऊन दूरच्या फांदीवर ताटकळतो, आणि त्या खेपेचा घास पिल्लाला मिळत नाही. अभ्यासक निदान त्या बदल्यात जंगलाला काही परत देतो. आपल्या छायाचित्राने रानपिंगळ्याचे काहीच भागत नाही. म्हणून घरटे दिसले तर त्याचा पत्ता सांगू नये, मागे सरावे, दुर्बिणीतून पाहावे आणि पक्षी आपल्याकडे पाहू लागला की निघावे. छायाचित्र हुकेल. तेवढी किंमत आपण मोजायला हरकत नाही, कारण ती आपल्याला परवडते आणि ढोलीतल्या पिल्लाला परवडत नाही.