लक्ष हे प्रमाण होऊ शकते काय?

१९९८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात उदयास आलेल्या ‘डायरेक्ट हिट’ या शोधयंत्राचे तत्त्व असे होते की, शोधाच्या निकालांच्या यादीतील कोणते पृष्ठ लोकांनी उघडले आणि त्यावर ते किती वेळ थांबले, याची नोंद ठेवून तिच्याच आधारे पुढील शोधकर्त्यासाठी पृष्ठांचा क्रम लावावा. त्याच वर्षी स्थापन झालेल्या गूगलची भिस्त मुख्यतः एका पृष्ठाने दुसऱ्याचा दुवा देण्यावर, म्हणजे जाणूनबुजून दिलेल्या साक्षीवर होती. ‘डायरेक्ट हिट’ने साक्षीच्या जागी वर्तन बसविले. ज्याने स्वतः एकही पृष्ठ रचले नाही अशा सामान्य वाचकालाही यामुळे कौल देता आला, हे मला मोलाचे वाटते. २००० सालच्या जानेवारीत ‘आस्क जीव्ज’ या दुसऱ्या शोधयंत्राच्या कंपनीने ‘डायरेक्ट हिट’ सुमारे ५० कोटी डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात घेण्याचा करार केला.

परंतु नेत्र जेथे खिळले तेथे ज्ञान आहे, असे मानावे काय? मन अणुपरिमाण, म्हणजे अणूएवढे, असल्यामुळे दोन ज्ञाने एकाच क्षणी उद्भवत नाहीत, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, मानतात. आणि ते खरे असेल, तर ज्याचा विनियोग एका वेळी एकाच ठिकाणी होऊ शकतो ते लक्ष हे मनुष्याचे सर्वांत दुर्मीळ वित्त ठरते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशी अवधान मागतात, ते गुपचूप मोजून घेत नाहीत. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय म्हणजे हितकर आणि प्रेय म्हणजे केवळ प्रिय, यांतील भेद सांगतो. यंत्राच्या घड्याळात मात्र जिज्ञासेने थांबलेला, मोहाने थांबलेला आणि दुर्बोध लेखनामुळे अडखळलेला, या तिघांचीही मिनिटे सारखीच जमा होतात. शिवाय जे वर मांडले जाते तेच अधिक पाहिले जाते आणि अधिक पाहिले गेले म्हणून पुन्हा वर मांडले जाते. आपल्या तर्कशास्त्राने यालाच अन्योन्याश्रय दोष म्हटले आहे. तेव्हा ही नोंद इच्छेचा दाखला म्हणून दप्तरी असावी, परंतु सत्यासत्याच्या निवाड्यात तिला प्रमाणाचा अधिकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००५ साली ‘अटेन्शन ट्रस्ट’ या अमेरिकन संस्थेने लक्षाची नोंद ज्याची त्याच्याच मालकीची, असा आग्रह धरला होता. शोधयंत्रे उभारणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की, त्यांनी तो हक्क मान्य करावा, वाचकाची नोंद त्याच्यासमोर उघडी ठेवावी आणि ती ठेवण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी.