फुरसत कोणाच्या मालकीची?

मराठीत 'रिकामा' या शब्दाला फारसा मान नाही. भांडे रिकामे, खिसा रिकामा, डोके रिकामे. आणि माणूस रिकामा असला तर तो रिकामटेकडा. उर्दूत 'फुरसत' म्हटले की त्याच वेळेला बसायला गादी मिळते. हा शब्द अरबीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ 'संधी' असा आहे. आम्ही वर्गात उर्दू शिकवतो, वर्गाबाहेर मराठी बोलतो, त्यामुळे एकाच मोकळ्या तासाकडे पाहणाऱ्या या दोन नजरा आम्हांला रोज भेटतात. मात्र विषय बाईचा निघाला की दोन्ही भाषांचे चटकन एकमत होते. पुरुष फुरसतीत असतो, बाई नुसती बसलेली असते. "काय करत होतीस?" "काही नाही, बसले होते." या उत्तरात एक माफी दडलेली आहे. ती कोणाची आणि कशाबद्दल मागितली जाते, हा आमचा प्रश्न आहे. ज्या वेळेतून कोणाचाच काही फायदा होत नाही, अशा वेळेवर बाईचा हक्क आहे की नाही?

ही माफी आमच्या वाङ्मयाने मुलींना रीतसर शिकवली. डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरात-उल-अरूस' १८६९ साली प्रसिद्ध झाली. आपल्याच मुलींनी वाचावी म्हणून त्यांनी ती लिहायला घेतली होती. तिच्यात अकबरी आणि असगरी या दोन बहिणी आहेत. अकबरी लाडावलेली, तिला घरकामाचा कंटाळा. एक भामटी बाई गोड बोलून तिचे दागिने लांबवते. असगरी एक क्षण वाया घालवत नाही. हिशेब ठेवते, नवऱ्याला मार्गी लावते, घरातच मुलींना शिकवू लागते. सरकारने या पुस्तकाला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम म्यूर यांनी लेखकाला घड्याळ भेट दिले. भेटवस्तू किती नेमकी निवडली होती! पुस्तकाचे उपकार आम्ही नाकारत नाही. मुलींच्या हाती पुस्तक देणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. पण त्यानंतर उर्दू वाचणाऱ्या घरांत अकबरी ही शिवी झाली आणि असगरीला कोणी कधी विचारले नाही, बाई, तू दमतेस की नाही?

पुढे १८९८ मध्ये लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वां' हे साप्ताहिक निघाले. संपादक मुहम्मदी बेगम. त्यांचे पती सय्यद मुमताज अली त्यांच्या पाठीशी होते. परद्यातल्या बायका आता एकमेकींना छापील अक्षरांतून भेटू लागल्या. आपल्या मुंबईच्या अतिया फैजी १९०६ साली अध्यापनाचे शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. तिथली त्यांची रोजनिशी याच साप्ताहिकात क्रमशः छापली गेली. त्यांची बहीण नाझली बेगम म्हणजे जंजिऱ्याची बेगम, म्हणजे हे काही फार दूरचे नाते नाही. दुपारी दालानात बसून लंडनच्या बागा आणि संग्रहालये वाचणारी ती वाचक आम्हांला फार जवळची वाटते. सुधारकांच्या लेखी मात्र तिचे ते वाचनही कामच होते. बाई शिकली तर मुले चांगली निघतील, घर नीट चालेल, कौम सुधारेल. वाचनाचा आनंद तिला मिळाला तर मिळाला. तो हिशेबात धरलेला नव्हता.

हिशेब उलटा मांडला तो एका बंगाली बाईने. रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. त्या कथेतल्या देशात बायका राज्य चालवतात आणि कचेरीचे काम दोन तासांत उरकतात. आमच्याकडे तर साहेब लोक सात तास काम करतात, असे पाहुणी म्हणते, तेव्हा उत्तर मिळते की त्यातला बराचसा वेळ चिरूट ओढण्यात जातो. सगळे या कथेतल्या विमानांचे आणि सूर्यशक्तीचे कौतुक करतात. आम्हांला हे दोन तास जास्त क्रांतिकारक वाटतात.

आता दख्खनकडे येऊ. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफी परंपरेत दखनी भाषेत 'चक्कीनामे' आणि 'चरखानामे' रचले गेले. दळताना, सूत कातताना बायकांनी म्हणायची ही गाणी. जात्याचा खुंटा, पाळी, पीठ, सगळ्यांतून अल्लाहचे स्मरण. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात दाखवले आहे की सामान्य घरांत सूफी विचार पोहोचला तो मोठमोठ्या ग्रंथांतून नव्हे, या गाण्यांतून. आणि त्याच दख्खनच्या मातीत मराठी ओवीही जात्यावरच वाढली. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या जमवल्या. यावर आपले विद्वान भारावून बोलतात की पूर्वीच्या बायका श्रमातच विसावा शोधत. आम्हांला हे पटत नाही. पहाटे उठून खांदे भरून येईपर्यंत दळणे हा विसावा नव्हता. हात दुसऱ्याच्या पोटासाठी फिरत होते, तेवढ्यात मनाने आपला वाटा काढून घेतला, इतकेच. पिठाची गिरणी आली तेव्हा कोणत्याही बाईने जात्यासाठी गळा काढल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मग गिरणीने वाचवलेली पहाट गेली कुठे? मालेगाव-भिवंडीच्या कोणत्याही गल्लीत दुपारी डोकावून पाहा. बाई घरात बसूनच कांडी भरते आहे. कुठे विडी, कुठे पापड, कुठे साडीला टिकल्या लावणे. शिवणयंत्र आले, ते नगावर पैसे मिळवण्याचे यंत्र झाले. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, कामगार आंघोळ करून जुम्याला जातो, मग सिनेमाला. घरात मात्र शुक्रवारी काम वाढते, कारण सगळे घरी असतात आणि जेवण चांगले हवे असते. आठवड्याची सुट्टी ही कोणीतरी जादा काम करून दिलेली भेट आहे, हे सुट्टी घेणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात. जे पुरुष असे काम करतात त्यांची ८८. यात नवल काही नाही. नवल पुढच्या आकड्यात आहे. करमणूक, वाचन, टीव्ही, खेळ यांत पुरुषांची १७७ मिनिटे जातात आणि बायकांची १६४. फरक फक्त तेरा मिनिटांचा! कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? तक्रार मिनिटांची नाहीच. समोर मालिका चालू, मांडीवर मूल, हातात सोलायचा लसूण, कान दाराच्या कडीकडे; यातली किती मिनिटे करमणुकीच्या खात्यात टाकायची? पुरुषाचा तास सलग असतो, बाईचा तास चुरा झालेला असतो. चुऱ्याचे वजन भाकरीइतकेच भरेल, पण ताटात भाकरी दिसणार नाही.

बाहेर पडायचे तर निमित्त लागते, हा दुसरा पेच. दवाखाना चालतो, शाळेची पालकसभा चालते, दर्गा चालतो. आमच्या आया-खाला हाजीअलीला जात ती श्रद्धा खरी, आणि तिथला समुद्राचा वाराही खरा. सवाबाच्या पदराखाली थोडा वारा खाऊन यायचा. म्हणून तिथल्या मजारीपर्यंत जायला बायकांना बंदी झाली, आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, तेव्हा आमच्या दृष्टीने तो केवळ इबादतीचा प्रश्न नव्हता. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर' या २०११ च्या पुस्तकात मुंबईच्या बाईसाठी एक साधी गोष्ट मागितली आहे: उगाच, कामाशिवाय भटकण्याचा हक्क. आमच्या स्टाफरूममध्ये या मागणीवर चर्चा झाली. एका ज्येष्ठ सरांनी विचारले, "पण भटकून करायचे काय?" कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर ते रोज संध्याकाळी काय करतात, हे आम्ही त्यांना विचारले नाही. ज्येष्ठ आहेत.

अशा वेळी धर्माचा दाखला काढला जातो, म्हणून आम्हीही एक काढतो. तो बुखारीत आहे आणि मौलवी साहेबांना ठाऊक आहे. ईदचा दिवस होता, मशिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते. पैगंबर साहेबांनी (स.) हजरत आयेशांना (रजि.) आपल्या चादरीच्या आडोशाने तो खेळ दाखवला, आणि त्यांचे मन भरेपर्यंत ते स्वतः उभे राहिले. या प्रसंगात हुनर नाही, नसीहत नाही, मुलांचे संगोपन नाही. फक्त तमाशा पाहण्याची हौस आहे, आणि ती पुरी होईपर्यंत कोणीतरी उभे राहिले आहे. आमच्या वाज़च्या मैफिलींत बायकांच्या कर्तव्यांची यादी लांबलचक असते. हे उभे राहणे त्यात क्वचितच येते.

आमच्या मोहल्ल्यात एक कुतुबखाना आहे. सकाळी आठ ते दहा आणि मगरिबनंतर नऊपर्यंत तो उघडा असतो. या दोन्ही वेळा बायका चुलीपाशी असतात. दुपारी दोन ते चार, जेव्हा त्यांना थोडी उसंत मिळते, तेव्हा दाराला कुलूप असते. आम्ही काही शिक्षक मिळून समितीला अर्ज दिला आहे की हे दोन तास बायकांसाठी दार उघडावे, कुलपाची आणि चावीची जबाबदारी आम्ही आळीपाळीने घेऊ. समितीने विचारले, तिथे वर्ग कसला चालवणार, शिवणाचा की दीनियातचा? आम्ही लिहून कळवले, कसलाच नाही. पंखा चालू ठेवा आणि पाणी भरून ठेवा. समितीची पुढची बैठक शब्बे-बरातनंतर आहे.