विसरण्याची सोय

महाभारतातला दुष्यंत काहीही विसरलेला नाही. आदिपर्वात शकुंतला मुलाला घेऊन त्याच्या सभेत उभी राहते, तेव्हा त्याला सगळं आठवत असतं आणि तरीही तो तिला ओळख देत नाही. सर्वांसमोर तिला खोटी ठरवतो. आकाशवाणी झाल्यावर मात्र मुलाला जवळ घेतो आणि लोकांच्या मनात संशय राहू नये म्हणून तसं वागलो, अशी सारवासारव करतो. पुढे कालिदासाने ही कथा नाटकासाठी हाती घेतली. असला राजा त्याच्या नाटकाचा नायक होऊ शकत नव्हता. मग दुर्वासाचा शाप आला, अंगठी आली, ती गिळणारा मासा आणि तो मासा पकडणारा कोळी आला. राजाचा अपराध शापाच्या नावावर जमा झाला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, तेव्हा मराठी प्रेक्षकाला भेटला तोही हाच शापित आणि म्हणून निर्दोष दुष्यंत.

हातून भयंकर काही घडलेला, स्मृती गेलेला आणि आपला भूतकाळ शोधत मारामाऱ्या करत निघालेला नायक आज ॲनिमेशनपटांत आणि ॲक्शनपटांत सतत भेटतो. त्याची कुळी मला कालिदासाच्या या दुरुस्तीत दिसते. नायकाला सोडवायचं असेल तर त्याला विसरायला लावायचं, ही युक्ती तिथे पहिल्यांदा इतक्या देखणेपणाने वापरली गेली. त्या नाटकाच्या सौंदर्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शकुंतलेच्या बाजूने पाहिलं की एक गोष्ट टोचत राहते. राजाची हरवलेली स्मृती तिच्याजवळ पूर्णवेळ शाबूत होती. ती सांगत होती. तिच्या सांगण्याला पुरावा मानलं गेलं नाही, अंगठीला मानलं गेलं.

आपल्याकडे विस्मृतीची दुसरीही एक परंपरा आहे आणि भारतीय ॲनिमेशनचं एक मोठं यश तिच्यावरच उभं आहे. २००५ साली व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ आला. पूर्ण लांबीचा देशी ॲनिमेशनपट चित्रपटगृहात जाऊन पाहावा, ही सवय आपल्या घरांना लावण्यात त्याचा वाटा मोठा आहे. रामायणाच्या उत्तरकांडात बाल हनुमान आश्रमांत धुडगूस घालतो, तेव्हा ऋषी शाप देतात की तुला तुझं बळ आठवणार नाही, कुणी आठवण करून देईपर्यंत. पुढे समुद्रकिनारी सगळे वानर हताश बसलेले असताना जांबवान ती आठवण करून देतो. या शापात शिक्षा थोडी आणि शहाणपण जास्त आहे. बळ काढून घेतलेलं नाही, फक्त त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली आहे. आणि प्रेक्षागृहातल्या पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं की हा उडणार आहे. नायक विसरलेला, पण सगळा समाज लक्षात ठेवून बसलेला.

विसाव्या शतकात हे उलटलं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या, नाव-गाव हरवलेल्या सैनिकांच्या कथा आल्या आणि शापाच्या जागी डोक्याला बसलेला मार आला. त्यानंतर विसरणं हा नुसता अपघात राहिला नाही. कुणीतरी मुद्दाम माणसाचं हत्यार बनवतं आणि कधी त्याची स्मृतीही पुसतं, अशी कथा पुढे आली. रॉबर्ट लडलमची ‘द बॉर्न आयडेंटिटी’ ही कादंबरी १९८० ची. अमेरिकन कॉमिक्समधला वुल्व्हरिन १९७४ सालीच अवतरला होता, पण त्याच्या हाडांवर धातू चढवणारी प्रयोगशाळा सविस्तर रंगवली गेली ती १९९१ मध्ये. इथे नायकासारखाच प्रेक्षकही काही जाणत नाही. जांबवान कुठेच नाही. ज्यांना सगळं ठाऊक आहे, तेच शत्रू आहेत.

ॲनिमेशनला ही कल्पना का मानवली, याचं एक कारण मला त्या माध्यमातच दिसतं. पडद्यावर ओळखीचा नट आला की त्याच्या मागच्या सगळ्या भूमिका आपण नकळत त्याच्यासोबत आणतो. रेखाटलेल्या माणसाला मात्र पहिल्या चौकटीआधी काहीच नसतं. त्याला जेवढं काढलं, तेवढाच तो. मामोरू ओशीच्या ‘घोस्ट इन द शेल’ या १९९५ च्या जपानी चित्रपटात एक सफाई कामगार आहे. बायको, लाडकी लेक, घटस्फोटाचं दुःख या सगळ्यासह तो आपल्यासमोर येतो. मग पोलीस त्याला सांगतात की हे कुटुंब कधी अस्तित्वातच नव्हतं, त्या आठवणी बाहेरून डोक्यात घातलेल्या आहेत. जिवंत नटाने हा प्रसंग केला असता तर आपण त्याच्या अभिनयाकडे पाहिलं असतं. इथे आपण त्या रेषांइतकेच निराधार होतो.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा प्रश्न. परत मिळालेला भूतकाळ लाजिरवाणा निघाला तर? ख्रिस्तोफर नोलनच्या ‘मेमेंटो’ने (२०००) याच्या नजरेला नजर दिली. नव्या आठवणी साठवू न शकणारा त्याचा नायक शेवटी पूर्ण शुद्धीत, जाणूनबुजून स्वतःसाठी एक खोटा सुगावा लिहून ठेवतो, कारण थोड्या वेळाने आपण हे विसरणार आहोत हे त्याला माहीत असतं. विसरणं हे त्याने निवडलेलं आश्रयस्थान आहे. तोच आजार आपल्याकडे ‘गजनी’त आला, आधी तमिळमध्ये २००५ साली आणि मग हिंदीत २००८ साली. अंगावरचे गोंदलेले शब्द आले, छायाचित्रं आली, तो खोटा सुगावा तेवढा आला नाही. नायकाचा सूड सरळ आणि न्याय्य झाला. कालिदासाने दुष्यंतासाठी जे केलं, तेच सोळा-सतरा शतकांनी पुन्हा झालं. नायकाचा डाग आपल्याला सोसत नाही आणि तो धुवायला स्मृतिभ्रंशाइतकं सोयीचं दुसरं साधन नाही.

लडलमच्या स्मृती गमावलेल्या बॉर्नवरच्या चित्रपटमालिकेतला एक प्रसंग मात्र ही सोय नाकारतो. दुसऱ्या भागात (२००४) त्याला आठवतं की आपण एका रशियन राजकारण्याला आणि त्याच्या पत्नीला मारलं होतं आणि पत्नीनेच पतीला मारून आत्महत्या केली असा देखावा उभा केला होता. सगळा पाठलाग संपल्यावर तो जखमी अवस्थेत मॉस्कोत त्यांच्या मुलीच्या घरी जातो आणि खरं काय घडलं ते सांगतो. इतकी वर्षं ती पोर आईला खुनी समजून जगली होती. आपली आठवण परत मिळाल्यावर ती पहिल्यांदा कुणाला द्यायची, हे या माणसाला कळलं.

याहून जुना आणि मला याहून मोठा वाटणारा दाखला आपल्याकडेच आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) कर्णाला मराठी घराघरांत पोचवलं, तेव्हापासून त्याच्यावरच्या अन्यायाबद्दल आपण खूप बोलतो. उद्योगपर्वातला कर्ण स्वतः वेगळं बोलतो. कृष्ण त्याला जन्माची कथा सांगून राज्य देऊ करतो. कर्ण ते नाकारतो, आणि त्याच संभाषणात दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना बोललेल्या कटू शब्दांबद्दल पश्चात्ताप होतो, असं कबूल करतो. हे माझे भाऊ आहेत हे मला कुठे माहीत होतं, असं म्हणायला त्याला पूर्ण जागा होती. तो म्हणत नाही.

हे सगळं वसईत राहून विचारात घेताना शेजारच्या सोपाऱ्याकडे वळावंच लागतं; तिथे विसरलं होतं ते सगळं गावच. नालासोपारा पश्चिमेला स्तूपाच्या टेकाडाला गाव ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत असे. टोपल्या विणणाऱ्या एका राजाचा तो किल्ला, एवढीच आठवण उरली होती. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणलं आणि दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा सापडला, १९५६ साली भुईगावला नवव्याचा. आज दोन्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. शूर्पारकासारखं, म्हणजे या सोपाऱ्यासारखं, बंदर आपला दोन हजार वर्षांचा भूतकाळ विसरलं होतं, आणि ज्याचे हे लेख, त्या राजालाही देश विसरला होता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली, तेव्हा ‘देवानंपिय पियदसि’ कोण हे इथे कुणालाच सांगता येईना. ओळख पटवली ती सिंहलद्वीपातल्या पाली ग्रंथांनी, जॉर्ज टर्नरच्या हातून. म्हणजे जांबवान समुद्रापलीकडे बसला होता.

अशोकाच्या बाबतीत मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट त्याच्या शिलालेखांच्या मांडणीत आहे. तेराव्या लेखात तो कलिंगयुद्धाचा हिशेब देतो: दीड लाख माणसं देशोधडीला लावली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी अधिक मेली, आणि याचा मला अनुताप आहे. हा लेख गिरनारला आहे, वायव्येला शाहबाजगढीला आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, तो कोरलेला नाही. तिथे त्याच्या जागी प्रजा ही माझी लेकरं आहेत असं सांगणारे वेगळे लेख आहेत. राज्यकारभाराच्या दृष्टीने हे समजू शकतं. जखम उकरू नये, असा विचार असेल. तरी जिथे गुन्हा घडला नेमकी तिथेच कबुली नाही, याकडे डोळेझाक करता येत नाही.

आपल्याकडच्या कुणा तरुण चित्रकाराने यावर ॲनिमेशनपट करावा, असं मला फार वाटतं. नायक सोपाऱ्याच्या बंदरात शुद्धीवर येईल. हाती लागेल आठव्या लेखाचा तुकडा, ज्यात शिकारीच्या सफरी सोडून धर्मयात्रा सुरू करणारा राजा आहे. तो आपणच असं कळल्यावर त्याला बरं वाटेल. मग तो कलिंगात जाईल आणि तिथेही वत्सल शब्दच वाचेल. आपण काय केलं हे कळायला त्याला गुन्ह्याच्या जागेपासून लांब, पार गिरनारला जावं लागेल. तलवारबाजी, पाठलाग, समुद्र, सगळं या प्रवासात भरपूर बसतं. आणि तेरावा लेख वाचून तो धौलीला परतेल, तेव्हा त्याला आठवण करून देणारं पात्र हे त्या दीड लाखांतल्या कुणाची तरी मुलगी असायला हवं. तिला सगळं पहिल्यापासून माहीत असेल, आणि पटकथेने यावेळी तिच्याकडे अंगठी मागू नये.