चित्रफितीतले महाड

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, तेव्हाचे केंद्रीय मंत्री, भाजपचे नारायण राणे जनआशीर्वाद यात्रा घेऊन महाडात आले. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दल ते पत्रकारांसमोर जे बोलले, त्याची चित्रफीत बघता बघता राज्यभर फिरली. दुसऱ्या दिवशी संगमेश्वरजवळ अटक, रात्री महाडच्या न्यायालयात जामीन. दोन दिवस सगळ्या देशाच्या तोंडी महाडचे नाव होते. दुकानातला चिखल उपसून महिना झालेल्या माणसाला मात्र त्या गदारोळात कुणी काही विचारले नाही.

पुढे लोकसभेची निवडणूक आली. रायगडचे मतदान ७ मे २०२४ ला होते. ३ मेच्या सकाळी शिवसेनेच्या (ठाकरे गट) सुषमा अंधारे यांना न्यायला आलेले हेलिकॉप्टर महाडात उतरताना कोसळले. धुरळा उठतो, हेलिकॉप्टर कलते, आदळते. हे दृश्य अंधारे यांच्याच मोबाइलमध्ये टिपले गेले. वैमानिक वाचला, हे फार चांगले झाले. पण मतदानाला चार दिवस असताना महाडबद्दल सर्वांत जास्त पाहिले गेले ते हे हेलिकॉप्टर. आदल्या दिवशीच्या सभेत कोणते प्रश्न निघाले, हे जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊकही नाही.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला राष्ट्रवादीचे (शरद पवार गट) जितेंद्र आव्हाड चवदार तळ्यावर आले. शालेय अभ्यासक्रमात मनुस्मृतीतले श्लोक आणण्याच्या प्रस्तावाला त्यांचा विरोध होता. विषय गंभीर होता, जागाही नेमकी होती. पण आंदोलनाच्या भरात त्यांच्या हातून बाबासाहेबांचे चित्र असलेला कागद फाटला. त्यांनी माफी मागितली. तोवर प्रतिस्पर्धी पक्षांनी ती चित्रफीत घरोघरी पोचवली होती आणि अभ्यासक्रमाचा मुद्दा बाजूला पडला होता.

तीन घटना, तीन वेगळे पक्ष. चुकलेल्या माणसाला बोल लावणे सोपे आहे. माझा राग आहे तो पक्षांच्या यंत्रणेवर. आपल्या नेत्याचे काय दाखवायचे आणि दुसऱ्याचे काय उचलायचे, एवढाच हिशेब ती करते. त्यात गाव उरते ते पाठीमागच्या पडद्यापुरते.

या यंत्रणेचे शेवटचे टोक आमच्या वाड्यांपर्यंत आले आहे. कशेडी घाटाच्या आसपास घरटी एक माणूस मुंबईत. त्यामुळे वाडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे ग्रामस्थ मंडळाची बारमाही बैठकच. कुणाचे दिवसकार्य कधी, पालखीची वर्गणी किती, विहिरीचा पंप का बंद, हे सगळे तिथेच कळते. निवडणूक आली की या ग्रुपवर बूथच्या कार्यकर्त्याकडून मजकूर येऊ लागतो. पाठवणारा भाचा किंवा चुलतभाऊ असतो, म्हणून त्यावर विश्वास बसतो. पक्षाला हवा असतो तो हाच विश्वास, आणि तो फुकट मिळतो.

महाडला याची ओळख जुनी आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांसोबत चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर परतीच्या तयारीत असलेल्या सत्याग्रहींवर हल्ले झाले, ते एका अफवेमुळे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी ती अफवा. ती तोंडोतोंडी पसरली आणि जेवायला बसलेली माणसे मार खाऊन उठली. तेव्हा फोन नव्हता, पण सांगणारा ओळखीचाच होता.

नियम आहेत. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. खोटा किंवा बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर पक्षाने तीन तासांत काढावा, असे निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ ला, म्हणजे रायगडच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, सांगितले. तरी विधानसभेच्या मतदानाच्या पूर्वसंध्येला, १९ नोव्हेंबरला, भाजपने सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने ध्वनिफिती प्रसारित केल्याच. हे आवाज आपले नाहीत, असे दोघांनीही सांगितले. पक्ष आपल्या खात्यावरून मजकूर काढेल, पण वाडीच्या ग्रुपवर आणि तिथून आजीच्या फोनमध्ये गेलेला आवाज कोण काढणार? एका रात्रीत खुलासा तिथवर पोचत नाही, आणि सकाळी सातला मतदान सुरू होते.

समाजमाध्यमे प्रचारात नकोत, असे मी म्हणणार नाही. २०११ पासून रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे लोकांनी फोनवरूनच जगाला दाखवले. कशेडी बोगद्याची एक बाजू सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीसाठी उघडली आणि पुढच्या पावसाळ्यात आत पाणी गळू लागले, तेही फोनमुळेच मुंबईला कळले. साधन चांगले आहे. ते पक्षांनी मतदानाच्या तारखेपुरते वापरायचे ठरवले आहे, हा माझा आक्षेप.

म्हणून मतदारांना एक विनंती. पुढच्या प्रचारात उमेदवाराचा माणूस ग्रुपवर आला, की त्याला विचारा: वाडीवाडीतले नंबर तुमच्याकडे आहेत, तर दरडीचा इशारा जुलैत याच ग्रुपवर तुम्ही पाठवणार का? उत्तर सगळ्यांसमोर, ग्रुपवरच लिहून घ्या. तळियेत डोंगर आला तो २२ जुलैला. पूर आणि बंद रस्त्यांतून बचाव पथके पोचली, तेव्हा २३ तारीख उजाडली होती.