भाजीच्या गाळ्याचा परवाना

असाध्य दुखण्याने पिचलेल्या माणसाला डॉक्टरांच्या मदतीने मरण पत्करता यावं, असा कायदा कॅनडाने २०१६ मध्ये केला. पण दुखणं फक्त मनाचं असेल तर? ती मुभा मार्च २०२३ पासून मिळायची होती. ती आधी वर्षभर पुढे गेली, मग आणखी तीन वर्षं, म्हणजे मार्च २०२७ पर्यंत. आरोग्ययंत्रणा अजून तयार नाही, असं कारण तिथल्या सरकारने दिलं. काहींना ही टाळाटाळ वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

नेदरलँड्सने हा प्रश्न फार आधी अंगावर घेतला. १९९१ मध्ये बाउडवाइन शाबो या मनोविकारतज्ज्ञांकडे पन्नास वर्षांची एक बाई आली. संसार मोडलेला. एका मुलाने आत्महत्या केलेली, दुसरा कॅन्सरने गेलेला. शरीराने ती ठणठणीत होती. दोन्ही मुलांच्या थडग्यांमध्ये आपल्याला जागा मिळावी, यापलीकडे तिला काही नको होतं. शाबोंनी उपचार सुचवले, तिने नाकारले. दुःख सैल झालं तर मुलंही हातची सुटतील, ही तिची भीती. आई गेल्यावर तिचं लुगडं कपाटात तसंच ठेवणाऱ्या माणसांना ही भीती समजावून सांगावी लागणार नाही. शाबोंनी सात जाणकारांची मतं घेतली आणि तिला मरायला मदत केली.

१९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. यातना शरीराच्या की मनाच्या, यावरून फरक करायचा नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही शाबो दोषी ठरले, कारण त्या सात जणांपैकी एकानेही त्या बाईला स्वतः तपासलं नव्हतं. मतं आली ती सगळी कागदावरून. न्यायालयाने शिक्षा मात्र दिली नाही.

पुढे २००२ मध्ये तिथे रीतसर कायदा आला. मानसिक आजारामुळे दिलेल्या इच्छामरणाच्या नोंदी २०१० मध्ये अवघ्या दोन होत्या. २०२४ मध्ये त्या २१९ झाल्या. त्या वर्षीच्या एकूण ९,९५८ इच्छामरणांत हा आकडा लहान दिसतो, पण चढण नजरेआड करता येत नाही.

मनाच्या यातना खऱ्या असतात का, हा वाद मला निकालात निघालेला वाटतो. ज्याने घरात तीव्र नैराश्याचा रुग्ण पाहिला आहे, तो ‘जरा फिरून ये, बरं वाटेल’ असं म्हणत नाही. माझी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. कॅन्सर पसरला की डॉक्टर स्कॅन दाखवून सांगू शकतात, आता मागे फिरणं नाही. नैराश्यात ‘आता काहीच होणार नाही’ हे वाक्य आजार स्वतःच रुग्णाच्या तोंडून वदवत असतो. ते डॉक्टरांनीही म्हणायचं, तर कशाच्या आधारावर?

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला अस्वस्थ करते. बेल्जियममधल्या शंभर मनोरुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इच्छामरणाची विनंती मान्य होऊनही त्यातले काही जण थांबले. वाट मोकळी आहे, एवढं कळल्यानेच त्यांना जगायला उसंत मिळाली होती. सरसकट ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी या माणसांना काय उत्तर द्यायचं?

आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच प्रायोपवेशनावर येते. सावरकर, विनोबा. ती मरणं कृतार्थतेची होती: काम झालं, आता निघतो. मनोरुग्णाचं मरण मागणं असल्या तृप्तीतून येत नाही. त्याचं काहीच झालेलं नसतं, किंवा झालेलं सगळं निसटलेलं असतं. त्याच्यासाठी आपल्या परंपरेत आदराचा शब्द नाही. ‘वेडा’ तेवढा आहे.

तेव्हा दाखला घ्यायचा तर मुंबईतल्या एका पोलीस शिपायाचा घ्यावा. अपघातात डोक्याला मार लागला आणि मानसिक आजार जडला. घर चालावं म्हणून भाजीच्या गाळ्याचा परवाना हवा होता. १९८५ मध्ये त्यासाठी तो महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात गेला, काम झालं नाही, आणि तिथेच त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या प्रकरणात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्कही येतो, असा तो गाजलेला निकाल. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही भूमिका नाकारली.

कायद्याच्या वर्गात हा खटला ‘मरण्याचा हक्क’ म्हणून शिकवतात. मला त्यात राहून राहून गाळाच दिसतो. त्या माणसाने आधी परवाना मागितला होता. (नव्या न्याय संहितेत ३०९ नाही, पण सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणं कलम २२६ खाली गुन्हाच आहे. तो शिपाई आज असता, तर पोलिसांनी हेच कलम काढलं असतं.)

डच कायदा डॉक्टरांना विचारतो: दुसरा कुठलाही वाजवी मार्ग उरला नाही, याची खात्री पटली का? प्रश्न चोख आहे. पण त्या शिपायाच्या बाबतीत तो डॉक्टरांना विचारून काय उपयोग? त्याचं उत्तर परवाना विभागात होतं. आणि उपचार? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांचे सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांबाहेर आढळले. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मेळघाटातल्या माणसाने महिन्याच्या गोळ्यांसाठी किती कोस जायचं? टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आता चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो पाठ असावा. पण फोन झाल्यावर पुढे जायला जवळ दवाखाना हवा, आणि बरं होऊन परतणाऱ्याला नोकरीवर घेणारा मालक हवा.

नेदरलँड्समधल्या एखाद्या रुग्णाने वीस वर्षं सगळे उपचार करून मरण मागितलं, तर त्याला नाही म्हणायचा अधिकार मी स्वतःकडे घेणार नाही. आपल्याकडे मात्र अशा कायद्याची मागणी कुणी आज केली, तर मी विरोधात उभा राहीन. इथे ‘सगळे मार्ग संपले’ असं लिहिलेल्या कागदावर सही करायला सात जाणकार सहज मिळतील, आणि त्यातल्या एकानेही तो रुग्ण पाहिलेला नसेल.